क्षीण देह, प्रसन्न मन : आचार्य विनोबा भावे

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की अरुंद गल्ल्यांचा एक भाग लागतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक ही तिथली नावे. या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कोणी वेदाध्ययनासाठी आले, कोणी तीर्थवासासाठी, तर कोणी काशीतच देह ठेवावा या इच्छेने. दूधविनायकाच्या गल्लीत आजही एखाद्या दारातून मराठी कानावर पडते. गणपतीला हात जोडून घाटाकडे जाणारे वृद्धही दिसतात. काशीला येणाऱ्यांमध्ये निरोगी माणसांइतकीच आजारी माणसेही पूर्वीपासून असत. शरीर साथ देत नसताना मन कुठे ठेवायचे, हा प्रश्न या नगरीला नवा नाही.

1916 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातून आलेला एक वीस वर्षांचा कृश तरुण याच काशीत राहत होता. शरीरयष्टी किरकोळ, डोळे अधू, खिसा रिकामा. त्याला ब्रह्माचा शोध लागला होता. पुढे हाच तरुण आचार्य विनोबा भावे म्हणून देशाला परिचित झाला. भूदानासाठी देशभर पायी फिरणारे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. पण ज्या शरीराने हे सारे चालणे झाले ते आयुष्यभर दुखणाईत होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्या प्रत्येक साधकाने त्यांचे चरित्र या बाजूनेही पाहावे, यासाठी हा लेख.

गागोदे ते काशी

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. आजोबा शंभुराव हे शिवभक्त. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची भक्ती खोल होती. घरात रोजच्या कामाच्या ओघात अभंग आणि स्तोत्रे चालत. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्याला होते, म्हणून पुढे सारे कुटुंब तिकडे गेले. विनायकाचे शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण बडोद्यातच झाले.

विनायक अंगाने बारीक होता, पण चालणे आणि वाचणे या दोन्हींचा त्याला मोठा नाद. ब्रह्मचर्याचा संकल्प त्याने लहानपणीच केला होता. परीक्षा आणि नोकरी या मार्गावर त्याचे मन कधीच रमले नाही. एके दिवशी आईच्या चुलीपाशी बसून त्याने आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला खरा, पण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीची वाट धरली.

त्याच्या मनाला दोन ओढी होत्या. एक हिमालयाची, म्हणजे शांतीची. दुसरी बंगालची, म्हणजे देशासाठी क्रांतीची. काशी दोन्ही वाटांवर होती, म्हणून आधी काशी.

गंगेकाठचे दिवस

काशीतले जीवन अगदी साधे होते. दुपारचे जेवण अन्नछत्रात होई. तिथे जेवणासोबत दोन पैसे दक्षिणा मिळे, त्यात संध्याकाळचे दही आणि रताळी येत. एका शाळेत थोडा वेळ इंग्रजी शिकवून आणखी काही मिळकत होई. उरलेला वेळ संस्कृत ग्रंथांचा. संस्कृत शिकायला किती काळ लागेल असे त्याने एका पंडिताला विचारले तेव्हा बारा वर्षे हे उत्तर आले. आपल्याकडे दोनच महिने आहेत, असे या विद्यार्थ्याने सांगितले.

रात्री तो गंगेच्या काठी बसे. कविता रचायच्या आणि मनासारखी उतरली की गंगेत सोडून द्यायची, असा त्याचा क्रम होता. बडोद्यात असताना हीच अर्पणे अग्नीला होत असत. स्वतःजवळ काहीही साठवायचे नाही, ही सवय अशी तरुणपणीच लागली. पुढे तिचा मोठा उपयोग झाला. कारण माणसाला सर्वांत जवळची वाटणारी वस्तू म्हणजे शरीर, आणि दीर्घ आजारात त्याच शरीरावरचा हक्क हळूहळू सोडावा लागतो.

काशीत मृत्यूही फार जवळून दिसला. घर सोडताना बरोबर निघालेल्या मित्रांपैकी बेडेकर हे काशीत आजारी पडले आणि तिथेच गेले. त्यांचा अंत्यसंस्कार विनोबांनी स्वतः केला. वीस वर्षांच्या वयात परक्या नगरीत मित्राला अग्नी देणे ही लहान गोष्ट नव्हे. शरीर हे जाणारे आहे, हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी डोळ्यांसमोर जळत होते.

पहिल्या भेटीतला धडा

त्याच वर्षी फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात महात्मा गांधींचे भाषण झाले होते. संस्थानिकांच्या दागिन्यांवर त्यांनी उघड टीका केल्यामुळे ते भाषण देशभर गाजले. विनोबांनी ते वाचले, गांधीजींना पत्रे लिहिली आणि उत्तरात आश्रमात येण्याचे निमंत्रण मिळाले. 7 जून 1916 रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचले.

गांधीजी तेव्हा भाजी चिरत होते. त्यांनी विनोबांच्या हातीही सुरी दिली. कोणी मोठा माणूस भाजी चिरतो हे विनोबांना नवे होते. श्रमाचा हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा लगेच मिळाला. गांधीजींनी या तरुणाकडे निरखून पाहिले आणि तो अशक्त, आजारी दिसतो असे बोलून दाखवले. आत्म्याचा शोध घेणारे अंगाने धडधाकट नसतात हे खरे असले तरी ज्याला आत्मज्ञान होते तो आजारी पडत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे ऐकून दुसरा कोणी खचला असता. आजही अनेक रुग्णांना असे काही ऐकावे लागते. श्रद्धा कमी पडली असेल, साधनेत खोट असेल, मागचे काही कर्म असेल, अशी वाक्ये लोक सहज बोलून जातात. दुखण्याच्या ओझ्यावर मग अपराधाचे ओझे चढते.

विनोबांनी हे बोलणे कसे घेतले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी ते आपल्यावरचा आरोप म्हणून घेतले नाही, काम म्हणून घेतले. शरीर हे देवाने दिलेले साधन आहे आणि त्याची निगा राखणे हाही साधनेचा भाग आहे, एवढा अर्थ त्यांनी उचलला. पुढे आयुष्यभर आजार त्यांच्या पाठीशी राहिले. पण म्हणून आपली साधना फुकट गेली, असे त्यांनी कधी मानल्याचे दिसत नाही.

वाईचे वर्ष

1917 मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी आणि अभ्यासासाठी त्यांनी आश्रमातून एका वर्षाची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांनी प्राज्ञपाठशाळा सुरू केली होती. तिथे विनोबांनी ब्रह्मसूत्रावरील शांकरभाष्य आणि इतर शास्त्रग्रंथ अभ्यासले. त्याबरोबरच शरीराचाही अभ्यास चालू होता. सुरुवातीला रोज दहा-बारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि त्यानंतर तीनशे सूर्यनमस्कार, असा क्रम त्यांनी ठेवला. आहारातले कोणते पदार्थ सोसतात याचे प्रयोग केले. महाराष्ट्रात पायी फिरून गीतेवर प्रवचने दिली. फेब्रुवारी 1918 मध्ये गांधीजींना लिहिलेल्या पत्रात या सर्वाचा हिशेब त्यांनी दिला. त्या हिशेबात प्रकृती सुधारल्याची नोंदही होती. पत्र वाचून गांधीजींना फार आनंद झाला. शिष्याने गुरूला मागे टाकले, अशी त्यांची भावना झाली. वर्ष पूर्ण झाले त्याच दिवशी विनोबा आश्रमात परत हजर झाले.

या वर्षातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रकृतीसाठी वेळ देणे म्हणजे साधनेतून सुटी नव्हे. जात्यावर बसलेले विनोबा आणि शांकरभाष्यावर बसलेले विनोबा एकच होते.

त्याच 1918 सालात इन्फ्लुएंझाची साथ आली आणि आई रुक्मिणीबाई गेल्या. गीता मराठीत वाचायला मिळावी, अशी इच्छा त्यांनी पूर्वी मुलाजवळ बोलून दाखवली होती. बारा वर्षांनी, 1930-31 मध्ये, विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला. तो म्हणजे गीताई. पुढे त्या पुस्तकाच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. ते पाहायला आई नव्हत्या.

धुळ्याच्या तुरुंगात

8 एप्रिल 1921 रोजी गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याला आले. तेव्हापासून वर्धा हेच त्यांचे क्षेत्र झाले. 1932 मध्ये त्यांना धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज आपल्याला गीता प्रवचने हा ग्रंथ मिळतो.

आजारी माणसाने या ग्रंथातले दोन अध्याय आवर्जून वाचावेत. दुसऱ्या अध्यायात देह आणि आत्मा यांचा विचार आहे. देह सतत बदलणारा आहे आणि आपण त्याच्याशी इतके चिकटलेले असतो की त्याचे थोडे काही बिघडले की सारे संपले असे वाटते, हे विनोबा तिथे साध्या भाषेत समजावतात. आठव्या अध्यायाला त्यांनी प्रयाण-साधना असे नाव दिले. शेवटची घडी गोड व्हावी असे वाटत असेल तर रोजची घडी गोड केली पाहिजे, असा तिथल्या विवेचनाचा सारांश सांगता येईल. ऐकणारे कैदी होते. बोलणाराही कैदी होता. तरी त्या प्रवचनांत कुठे उदासी नाही.

धाम नदीचा पूल

त्यानंतर वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी श्रमाचे कठोर प्रयोग केले. दिवसाचे अनेक तास सूत कातायचे आणि त्या मजुरीतून जे मिळेल त्यावरच निर्वाह करायचा, असा एक प्रयोग होता. गरीब कातणाऱ्यांना जे भोगावे लागते ते आपणही भोगावे, ही त्यामागची भावना. भावना उदात्त होती, पण शरीर खंगत गेले. 1938 पर्यंत वजन 88 पौंडांवर, म्हणजे सुमारे 40 किलोंवर आले. जवळच्या लोकांना ते आता फार दिवसांचे सोबती नाहीत असे वाटू लागले.

ही बातमी गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी विनोबांना बोलावून उपचार घ्यायला आणि थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितले. विनोबांनी जवळच्याच पवनारचे नाव घेतले. तिथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. गांधीजींनी ते मान्य केले, पण एक अट घातली. आश्रमाची आणि कामांची सारी चिंता मागे ठेवून जायचे.

7 मार्च 1938 रोजी विनोबा पवनारला निघाले. चालण्याची ताकद नव्हती, म्हणून मोटारीतून जावे लागले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी आपण सर्व सोडले आहे असा तीन वेळा मनाशी उच्चार केला. नदी ओलांडली तेव्हा कामे आणि काळज्या पलीकडच्या तीरावर राहिल्या होत्या.

पवनारला त्यांनी दोन गोष्टी केल्या. मन मोकळे ठेवले आणि रोज थोडे खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवसांत काही मिनिटे कुदळ मारणेही कष्टाचे होते. थोडे खणायचे, थांबायचे, विसावा घ्यायचा, पुन्हा खणायचे. हळूहळू वेळ वाढत गेला. आहार मोजका आणि नियमित होता. काही महिन्यांत वजन 128 पौंडांपर्यंत पोहोचले. त्याच जमिनीत खणताना प्राचीन मूर्ती सापडल्या. त्यांतले भरत-राम भेटीचे शिल्प विनोबांना देवाचा प्रसाद वाटले आणि पवनारच्या आश्रमात त्याची स्थापना झाली.

या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहू नये. त्यात विश्रांती आहे, आहार आहे, मोकळी हवा आहे आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम आहे. कोणताही चांगला वैद्य हेच सांगेल. पण विनोबांनी त्यात एक गोष्ट अधिक घातली, ती म्हणजे मनाचा त्याग. आपल्यापैकी अनेकजण आजारात अंथरुणाला पाठ टेकवतात, पण मन घरभर आणि कार्यालयभर फिरत राहते. विनोबांनी शरीराच्या आधी मनाला विश्रांती दिली.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक सुधारण्याची तयारी. आपल्या प्रयोगाने शरीर इतके झिजले, हे त्यांनी हट्टाने नाकारले नाही. जिवलग गुरूने सांगताच ते थांबले. थांबता येणे हीसुद्धा मोठी साधना आहे.

दुखरे पोट, लांबची वाट

17 ऑक्टोबर 1940 रोजी सुरू झालेल्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. त्यानंतर पुन्हा तुरुंग. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेच्या भाषांचा अभ्यास केला. डोळे अधू असूनही एकामागून एक लिपी शिकताना त्यांना लहान मुलासारखा आनंद होई.

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सभेपुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. भूदान यज्ञ सुरू झाला तो असा. त्या वेळी विनोबांचे वय पंचावन्न होते आणि पोटात व्रण होता.

आतड्याच्या या व्रणाने त्यांना वर्षानुवर्षे त्रास दिला. नेहमीचे जेवण सोसत नसे. दूध, दही, मध असा मोजका आहार थोडा थोडा घ्यायचा आणि त्यावर रोज दहा-बारा मैल चालायचे. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, आणि अंधारातच कंदिलाच्या उजेडात वाटेला लागणे. पुढच्या गावी पोहोचल्यावर लोकांशी बोलणे, सभा, पत्रव्यवहार, अभ्यास आणि रात्री लवकर झोप. हा क्रम सुमारे तेरा वर्षे चालला. देशातील बहुतेक प्रांत पायाखाली गेले. 40 लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली. त्यांतली बरीच जमीन प्रत्यक्ष वाटपापर्यंत पोहोचली नाही, हेही खरे. तरी एका दुखणाईत माणसाच्या शब्दावर इतक्या लोकांनी जमीन देऊ केली, ही गोष्ट लहान होत नाही.

एवढे चालण्याचे बळ कुठून आले? विनोबांच्या दिनक्रमाकडे नीट पाहिले तर काही गोष्टी दिसतात. त्यांनी आपल्या शरीराची मर्यादा ओळखली होती. किती खायचे, केव्हा झोपायचे, किती बोलायचे हे ठरलेले होते आणि त्यात मोह नव्हता. चालताना मन नामस्मरणात किंवा एखाद्या वचनाच्या चिंतनात असे. दुखणे असतानाही दुखण्याविषयी बोलणे फार कमी. संतांचे अभंग निघाले की त्यांचे डोळे भरून येत. त्यांचा विनोद तर अखेरपर्यंत टिकला. ऐकू कमी येऊ लागल्यावर लोक कागदावर प्रश्न लिहून देत. या अडचणीवरही ते स्वतःच हसत असत.

चांडिलचा ताप

डिसेंबर 1952 मध्ये बिहारमधील चांडिल येथे त्यांना भयंकर हिवताप झाला. ताप जिवावर बेतला. औषध घ्यायला विनोबा तयार नव्हते. सर्व ईश्वरावर सोपवावे, अशी त्यांची वृत्ती होती. साऱ्या देशाला काळजी लागली. मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्यासह अनेकांनी त्यांना विनवले. अखेर त्यांनी औषध घेतले. ताप उतरला, शक्ती हळूहळू परत आली आणि पदयात्रा पुढे निघाली. त्यानंतर मार्च 1953 मध्ये चांडिललाच सर्वोदय संमेलन भरले.

श्रद्धावान माणसाला हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. देवावर श्रद्धा म्हणजे औषधाला नकार, असे समीकरण काहीजण मांडतात. विनोबांचीही पहिली ओढ तिकडेच होती. पण लोकांच्या प्रेमापुढे त्यांनी आपला आग्रह सोडला. आग्रह कितीही सात्त्विक असला तरी तो आग्रहच असतो. गोळी हातात देणाऱ्या माणसाच्या रूपाने ईश्वरच येत असेल तर त्याला परत कसे पाठवायचे? त्या दिवशी औषध घेतले नसते तर पुढची बारा वर्षांची वाटचाल झाली नसती. म्हणून आपल्या मधुमेहाचे, रक्तदाबाचे, संधिवाताचे किंवा आणखी कशाचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वेळेवर घेणे आणि मग नामस्मरणाला बसणे यात काहीही विरोध नाही.

आजाऱ्यांची सोबत

भावे कुटुंबाला आजार अपरिचित नव्हता. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा यांना क्षयरोग झाला होता. त्या काळी क्षय म्हणजे बहुधा मृत्यूच समजला जाई. बाळकोबा त्यातून उठले आणि पुढे उरुळीकांचन येथील निसर्गोपचार आश्रमात राहून त्यांनी अनेक वर्षे रुग्णांची सेवा केली. स्वतः भोगलेले दुखणे त्यांनी दुसऱ्याच्या कामी लावले.

विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. या आजाराची समाजाला तेव्हा इतकी भीती होती की घरचे लोकही रुग्णाला टाकून देत. विनोबांचा या सेवेला मनापासून पाठिंबा होता. आजारी माणसाला औषधाच्या बरोबरीने माणूस लागतो, हे या मंडळींनी करून दाखवले.

पवनारचे अखेरचे पर्व

10 एप्रिल 1964 रोजी तेरा वर्षांनंतर विनोबा पवनारला परतले. 1965 मध्ये ते पुन्हा बिहारला गेले, पण आता प्रकृतीमुळे प्रवास मोटारीने होता. पायी चालणे हे ज्यांचे व्रत होते त्यांनी शरीर थकल्यावर मोटारीत बसायला कमीपणा मानला नाही. 7 जून 1966 रोजी, गांधीजींच्या पहिल्या भेटीला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी स्थूल कामातून मन काढून सूक्ष्मात प्रवेश करण्याचा संकल्प केला. 1970 पासून ते पवनारला एका जागी स्थिर झाले.

1959 मध्ये त्यांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली होती. भगिनींनी सामूहिक साधना करावी, शेतीचे आणि आश्रमाचे काम स्वतः करावे, हा त्यामागचा हेतू. सकाळी विष्णुसहस्रनामाचा सामुदायिक पाठ होई, त्यात विनोबा रमून जात. कधी झाडू घेऊन आश्रमाचा परिसर स्वच्छ करत. जगभर नाव झालेला माणूस म्हातारपणी पालापाचोळा गोळा करत होता आणि प्रत्येक काडी उचलताना नामस्मरण चालू होते.

नोव्हेंबर 1982 च्या सुरुवातीला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार केले. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले. सर्वांनी विनवले, पण या वेळी ते वळले नाहीत. 15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीच्या दिवशी सकाळी, सत्त्याऐंशी वर्षांचा तो देह शांत झाला. चांडिलला सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी औषध घेतले, कारण वाट पुढे होती. पवनारला त्यांनी ते थांबवले, कारण त्यांच्या दृष्टीने काम पूर्ण झाले होते. हा निर्णय आयुष्यभर मृत्यूचे चिंतन केलेल्या एका वृद्ध साधकाचा होता. त्याचे अनुकरण करण्याची घाई कोणी करू नये. अनुकरण करायचे तर त्याआधीच्या सत्त्याऐंशी वर्षांचे करावे.

आपल्यासाठी

गांधीजींच्या त्या पहिल्या धड्याकडे आता पुन्हा पाहू. आत्मज्ञानी आजारी पडत नाही, असे विनोबांनी तरुणपणी ऐकले. पुढे त्यांना अशक्तपणा आला, व्रण झाला, हिवताप झाला, ऐकू येणे कमी झाले, हृदयही थकले. मग तो धडा खोटा ठरला का? मला वाटते, त्याचा अर्थ विनोबांनी जगून दाखवला. आजार त्यांच्या शरीरात राहिला, त्यांच्यात शिरला नाही. पोट दुखत होते तेव्हा माणूस गात होता.

आपण सामान्य माणसे. आपल्याला लगेच एवढे जमणार नाही. पण चार गोष्टी आजपासून करता येतील. शरीराची मर्यादा ओळखून दिनक्रम ठरवणे. औषध प्रसादासारखे शांतपणे घेणे. ज्या काळज्या आपल्या हातात नाहीत त्या रोज एकदा नदीपलीकडे ठेवून येणे. आणि ज्या दिवशी फार काही होत नसेल त्या दिवशी पाच मिनिटांचेच का होईना, एखादे काम प्रेमाने करणे. विनोबांची कुदळही पहिल्या दिवशी काही मिनिटेच चालली होती.

दूधविनायकाच्या गल्लीतून आजही कोणीतरी काठी टेकत घाटाकडे निघाले असेल. गुडघे दुखत असतील, दम लागत असेल. दोन पायऱ्या उतरायच्या, थांबायचे, पुन्हा दोन पायऱ्या. अशा पायऱ्या उतरतानाही नाम घेता येते.